मूल एकाएकी बदललं, तर आधी औषधाची तारीख बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेसहा वर्षांचा. पावसाळा लागला की सर्दी, शिंका, रात्री नाक बंद. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी माँटेलुकास्ट आणि लेवोसेट्रिझिन एकत्र असलेली गोळी रोज रात्री एक अशी लिहून दिली. सर्दीला उतार पडला. पण गेले तीनेक आठवडे तो रात्री किंचाळत उठतो, दिवसा धाकट्या बहिणीला मारतो, कशावरूनही रडतो, आणि मागच्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाला, “मी मेलो तर बरं होईल.” डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या गोळीने असं होत नाही. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेजारची मुलगी तीच गोळी वर्षभर घेतेय, तिला काही झालेलं नाही. तर हे गोळीमुळे असेल का, गोळी बंद करू का, आणि मुलाचं कायमचं काही बिघडेल का?

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावात लहान मुलांना तपासतोय. मुलाला न बघता निदान करता येत नाही, पण तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून एक नक्की म्हणेन: हे गोळीमुळे असू शकतं, आणि तसं धरूनच पुढचं पाऊल टाका. गोळी फक्त सर्दीसाठी असेल तर आज रात्रीची देऊ नका. माँटेलुकास्ट थोडं थोडं कमी करत बंद करावं लागत नाही, एकदम थांबवलं तरी चालतं. सकाळी डॉक्टरांना फोन करून “मी गोळी थांबवली आहे, कारण हे हे घडतंय” असं सरळ सांगा. त्याला दमाही असेल आणि गोळी दम्यासाठी दिलेली असेल, तर आजच्या आज डॉक्टरांशी बोला, म्हणजे गोळीच्या जागी दुसरं काय द्यायचं ते ठरेल. दमा उघडा सोडायचा नाही.

आता “मी मेलो तर बरं होईल” याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. साडेसहा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते पुरतं कळत नसतं, हे खरं. पण म्हणून ते वाक्य सोडून द्यायचं नसतं. मूल शांत असताना जवळ घ्या आणि थेट विचारा, “तू परवा असं म्हणालास ना, तुला कसं वाटत होतं तेव्हा?” विचारल्याने त्याच्या डोक्यात नवं काही भरवलं जात नाही. उलट, आईला हे बोललेलं चालतं हे त्याला कळतं. रागवू नका, “असं बोलायचं नाही हं” म्हणून तोंड बंद करू नका. घरातली सगळी औषधं आणि शेती असेल तर फवारणीच्या बाटल्या आजच कुलपात ठेवा. तो पुन्हा तसं बोलला, स्वतःला मारून घ्यायला लागला, गॅलरीत किंवा विहिरीकडे जायला लागला, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायला हवं असेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माँटेलुकास्टची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण आपल्याकडे ते इतकं सर्रास दिलं जातं की त्याला कुणी औषध मानतच नाही. “सर्दीची गोळी” म्हणतात. एकदा चिठ्ठीवर आलं की पुढची दोन वर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणलं जातं. ॲलर्जीत शरीरात ल्युकोट्रिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे श्वासनळ्या आवळतात आणि नाकाला सूज येते. माँटेलुकास्ट त्या रसायनांची वाट अडवतं. अमेरिकेत १९९८ मध्ये दम्यासाठी त्याला मान्यता मिळाली. चघळायची गोळी, दिवसातून एकदा, स्टेरॉइड नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही बरं वाटलं आणि पालकांनाही. पुढे मुलांमध्ये वाईट स्वप्नं, चिडखोरपणा, आक्रमकपणा, उदासी, भास आणि जीव देण्याचे विचार अशा तक्रारी येत गेल्या. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांचा उल्लेख माहितीपत्रकात करायला लावला. मार्च २०२० मध्ये तर त्या देशातली सर्वांत कडक सूचना, म्हणजे माहितीपत्रकाच्या सुरुवातीलाच चौकटीत छापायची सूचना, या औषधावर आली. तिच्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरे उपाय असताना हे औषध पहिल्यांदा वापरू नका.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच प्रशासनाने लाखो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. माँटेलुकास्ट घेणारे आणि ओढायची स्टेरॉइड घेणारे अशी तुलना केली, तेव्हा नैराश्याने दवाखान्यात दाखल होणं किंवा स्वतःला इजा करणं माँटेलुकास्टवाल्यांत जास्त दिसलं नाही. म्हणजे हे बहुतेक मुलांना सोसतं. शेजारच्या मुलीला काही झालं नाही यात नवल नाही. पण अशा मोजणीत दवाखान्यात भरती झालेलं मूल दिसतं. रात्री दोन वाजता किंचाळून उठणारं, सकाळी बहिणीला बोचकारणारं मूल कुठल्याच नोंदीत येत नाही. ते फक्त आईला माहीत असतं. थोड्या मुलांना हे औषध बाधतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ती थोडी मुलं कोण असतील ते आधी सांगायची सोय नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. २०१२ ची गोष्ट. चार वर्षांची मुलगी, सारखी छाती भरायची. मी माँटेलुकास्ट तीन महिने लिहून दिलं. दोन आठवड्यांनी तिची आई आली आणि म्हणाली, “डॉक्टर, ही रात्री उठून भिंतीकडे बोट दाखवते, किडे आहेत म्हणते.” मी म्हणालो, स्वप्नं पडत असतील, रात्री टीव्ही बंद करा. महिन्याने परत आली तेव्हाही मी जवळजवळ तेच म्हणालो. तिसऱ्यांदा ती येताना स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. पान माझ्या टेबलावर पसरलं. दुधाचे खाडे मांडलेले होते, सिलिंडर लावल्याची तारीख होती, आणि सात तारखेच्या चौकटीत “गोळी चालू” लिहिलेलं होतं, कारण तीन महिने कधी संपतात ते तिला लक्षात ठेवायचं होतं. मग पंधरा तारखेला छोट्या अक्षरात “झोप नाही”. सोळाला “झोप नाही”. अठराला “किडे”. त्या आधीच्या महिन्याचं पान तिने उलटून दाखवलं, त्यात दुधाच्या खाड्यांशिवाय काहीही नव्हतं.

माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. गोळी बंद केली. चौथ्या रात्री मुलगी सलग झोपली. दोन-अडीच महिन्यांनी मामाकडे गेली असताना तिथल्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी वेगळ्या नावाची गोळी दिली आणि तिसऱ्याच रात्री पुन्हा किडे आले. आईने पाकीट जपून ठेवलं होतं. त्यावर बारीक अक्षरात तेच औषध होतं. औषध दिल्यावर त्रास, बंद केल्यावर आराम, पुन्हा दिल्यावर पुन्हा त्रास: औषधाचा संबंध दाखवणारा याहून भक्कम पुरावा दवाखान्यात सहसा मिळत नाही. २००९ ची सूचना तोवर येऊन तीन वर्षं झाली होती. मी ती वाचलेली नव्हती. त्या आईने दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा ऐकलं नाही, याचं वाईट मला आजही वाटतं. तेव्हापासून पालक “हा असा नव्हता हो” म्हणाले की मी आधी विचारतो, नवीन औषध कुठलं आणि कुठल्या तारखेला.

तुम्हीही तेच करा. कॅलेंडर घ्या आणि आठवून लिहा: गोळी कधी सुरू झाली, पहिली वाईट रात्र कधीची, मारामारी कधीपासून, शाळेतून तक्रार कधी आली. गोळीसोबत दुसरं काही चालू होतं का, अँटिबायोटिक, खोकल्याचं पातळ औषध, नेब्युलायझर, एखादं चूर्ण किंवा काढा, तेही लिहा. बाईंना विचारा, त्यांना वर्गात कधीपासून फरक वाटतो. बाईंचं उत्तर फार मोलाचं असतं, कारण घरी कुठली गोळी चालू आहे ते त्यांना ठाऊक नसतं. आजपासून पुढे रोज एकच ओळ: किती वाजता झोपला, किती वेळा उठला, दिवस कसा गेला. एवढं पुरे.

तारखा जुळल्या म्हणजे सगळं सिद्ध झालं असंही नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी ताडून बघा. पहिली, रात्री उठण्याची तऱ्हा. मूल झोप लागल्यापासून तास-दोन तासांत किंचाळत उठत असेल, डोळे उघडे पण ओळखत नसेल, घाम फुटत असेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर त्याला आम्ही निद्राभय म्हणतो. तीन ते आठ वर्षांच्या कित्येक मुलांना ते औषधाशिवायही होतं. त्या वेळी त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा, पाच-दहा मिनिटांत ते आपोआप झोपतं. पहाटेकडे उठून, पूर्ण जागं होऊन, “मला असं असं दिसलं” म्हणत तुम्हाला बिलगत असेल तर ते वाईट स्वप्न. माँटेलुकास्टने दोन्ही होऊ शकतं, पण रोज रात्री वाईट स्वप्नं आणि त्यासोबत दिवसाचाही स्वभाव बदललेला, असं असेल तर माझा संशय औषधावर जास्त जातो.

दुसरी गोष्ट नाक. ज्या मुलाचं नाक कायम बंद, त्याच्या नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडिनॉइड, वाढलेल्या असतील तर ते तोंड उघडं टाकून घोरतं, मध्येच श्वास अडतो, झोप तुटते आणि दिवसा ते चिडचिडं होतं. अशा मुलाला आजारानेही असं होईल आणि औषधानेही. त्याचा घोरण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवा. तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो आम्हाला जास्त सांगतो. (आणि दात खातो म्हणजे जंत झाले, हे घरात कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्यावर जंताचं औषध पाजून वेळ जातो, एवढंच.) तिसरी गोष्ट घर आणि शाळा: नवी शाळा, नवं बाळ, घरातली भांडणं, कुणी मारतं का, कुणी नको तिथे हात लावतं का. गोळीवर बोट ठेवून हे प्रश्न टाळायचे नाहीत.

लहान मूल “मला उदास वाटतं” असं म्हणत नाही. ते पोट दुखतंय म्हणतं, शाळेला जायला नको म्हणतं, खेळायला बोलावलं तर जात नाही, बहिणीला चावतं. त्यामुळे औषधाचा परिणाम मनावर झाला की घरात त्याला “हट्टी झालाय”, “लाडाने बिघडलाय” अशी नावं पडतात आणि त्याला मार बसतो. एका औषधापायी मुलाने तीन आठवडे मार खाल्ला, असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. तुमच्या मुलाला तसं झालं असेल तर त्याला सांगा, “तुझं चुकत नव्हतं, गोळीने तुला त्रास होत होता बहुतेक.” साडेसहा वर्षांच्या मुलाला हे छान कळतं.

इथे एक ताकीद देतो. माँटेलुकास्ट लगेच थांबवा असं मी म्हणालो, ते प्रत्येक औषधाला लागू नाही. हे वाचून कुणी मुलाची फिटची गोळी बंद केली तर अनर्थ होईल. फिटच्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटाम हल्ली खूप वापरतात. औषध चांगलं आहे, रक्ताच्या तपासण्या फारशा लागत नाहीत. पण काही मुलांना ते इतकं चिडखोर करतं की आई-बाप रडकुंडीला येतात. शांत मूल वस्तू फेकतं, डोकं आपटतं, कारण नसताना तासभर रडतं. बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर हे दिसतं, आणि मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त. पण ते औषध एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, एकामागून एक येऊ शकतात, आणि त्यात जिवाला धोका असतो. त्यामुळे औषध चालू ठेवून मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा. ते मात्रा बदलतील, किंवा दुसरं औषध चढवत हे उतरवतील. काही डॉक्टर सोबत बी-६ जीवनसत्त्व देऊन बघतात. त्याचा पुरावा अजून तोकडा आहे, पण काही मुलांना उपयोग होतो असा माझाही अनुभव आहे.

फेनोबार्बिटोन हे त्याहून जुनं औषध. मोठ्या माणसाला याने गुंगी येते, पण कित्येक लहान मुलांना उलट भिंगरी लागते, एका जागी बसवत नाही. तापात फिट येणाऱ्या मुलांना पूर्वी ते वर्षानुवर्षं दिलं जायचं. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांना दोन वर्षं फेनोबार्बिटोन दिल्यावर त्यांचा बुद्ध्यंक नुसती साखरेची गोळी घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी आठ गुणांनी कमी भरला, आणि फिटही काही कमी झाल्या नाहीत. तापातल्या साध्या फिटसाठी रोजचं औषध द्यायची गरज नसते, हे आज आम्ही ठामपणे सांगतो त्यामागे असे अभ्यास आहेत. तरीही कुणाच्या मुलाला ते चालू असेल तर बंद करायचं ते डॉक्टरांच्या हाताखाली, आठवड्या-आठवड्यांनी उतरवत.

तिसरं स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांना, ज्यांच्या लघवीतून प्रथिनं जातात आणि चेहरा-पाय सुजतात, ते बारा-बारा आठवडे द्यावं लागतं. त्या मुलांच्या आयांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो: हा सारखं खायला मागेल, रात्री अकराला टक्क जागा असेल, कारण नसताना हसेल आणि पाच मिनिटांत रडेल. तो नाटक करत नाही, मात्रा उतरेल तसं हे उतरेल. आधी सांगितलं की निम्मा त्रास हलका होतो. दिवसाची सगळी मात्रा सकाळी न्याहारीनंतर दिली तर झोपेचं बरंच सुधारतं, फक्त तसा बदल डॉक्टरांना विचारून करायचा. मात्रा जास्त तसा मनावरचा परिणाम जास्त, हे १९७२ मध्येच बोस्टनच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. ती पाहणी मोठ्या माणसांची होती. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत शंभरात एखाद्याला मानसिक त्रास झाला, ८० च्या वर घेणाऱ्यांत शंभरात अठराजणांना. पण दिवसेंदिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही आणि मूल कोसळतं. तेव्हा इथेही स्वतःच्या मनाने थांबवणं नाही.

बाकीची औषधं भराभर सांगतो. छाती भरल्यावर सालब्युटामॉलचं पातळ औषध पाजलं की मूल थरथरतं, घरभर पळतं, झोपत नाही. पाच मिलीच्या एका चमच्यात सहसा दोन मिलिग्रॅम असतं. पंपाच्या एका दाबात त्याचा विसावा भाग, म्हणजे शंभर मायक्रोग्रॅम. पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून एवढ्या थोड्यात काम होतं. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावून पंप द्या, मूल शांतही राहील. सर्दीच्या पातळ औषधांत क्लोरफेनिरामाइन असतं. त्याने बहुतेक मुलं पेंगतात, काही मात्र उलट पिसाटल्यासारखी करतात. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरातली बाटली त्याआधीची असेल तर तिच्यावर ते नसेल.

उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने काही मुलांची मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. मूल शुद्धीत असतं आणि प्रचंड घाबरलेलं असतं. अशा मुलांना अंगात आलं, बाहेरचं लागलं म्हणून आधी देवऋषाकडे नेलेलं मी पाहिलंय. दवाखान्यात एका इंजेक्शनने थोड्याच वेळात मान सरळ होते.

चष्म्याचा नंबर काढण्याआधी डोळ्यांत ॲट्रोपिनचं मलम तीन दिवस घालायला देतात. तांदळाच्या दाण्याएवढं सांगितलेलं असताना जास्त गेलं तर मुलाचा चेहरा लालबुंद होतो, अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, ते हवेत काहीतरी पकडायला बघतं आणि आईला ओळखत नाही. हुबेहूब असंच चित्र धोत्र्याचं बी खाल्लेल्या मुलात दिसतं, कारण त्यातही त्याच जातीचं विष असतं. श्रावणात महादेवाला वाहायला आणलेली धोत्र्याची फळं घरात खाली राहू देऊ नका, हे मी दरवर्षी सांगतो.

टीबीच्या आयसोनियाझिडने क्वचित भास होतात, सोबत बी-६ दिल्याने हातापायांच्या मुंग्या आणि काही त्रास टळतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत सायक्लोसेरिन चालू असेल तर मुलाच्या मनाकडे रोज लक्ष हवं, कारण त्याने खोल उदासी येऊ शकते. लक्ष न लागणाऱ्या मुलांना मेथिलफेनिडेट देतात. मात्रा जास्त झाली तर मूल मिटल्यासारखं होतं, आणि औषध उतरताना संध्याकाळी रडवेलं. दोन्हींवर मात्रा बदलणं हा सोपा इलाज आहे.

मनाच्या औषधांनीही मन बिघडू शकतं, हे ऐकून पालक दचकतात. नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल २००४ मध्ये अमेरिकेत चौकटीतली सूचना आली. २४ चाचण्यांमधल्या चार हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा जीव देण्याचे विचार किंवा तसे प्रयत्न गोळी घेणाऱ्यांत शंभरात चार आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरात दोन असे निघाले. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव दिला नव्हता. याचा अर्थ या गोळ्या देऊ नयेत असा मी घेत नाही. उपचार न झालेलं नैराश्य मुलांचा जीव घेतं. अर्थ एवढाच की पहिले काही आठवडे मूल अस्वस्थ होतंय का, झोप उडालीय का, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि दर आठवड्याला डॉक्टरांना भेटायचं.

औषधावर घाईने खापर फोडू नये याचंही एक उदाहरण आहे. जपानमध्ये फ्लूवर ओसेल्टामिविर फार वापरलं जायचं. ते घेतलेली काही किशोरवयीन मुलं भ्रमात उंचावरून पडली. २००७ मध्ये सरकारने १० ते १९ वयाच्या मुलांना ते देणं थांबवायला सांगितलं. पुढे दिसलं की फ्लू झालेली मुलं हे औषध न घेताही अशी भ्रमात जातात, आणि २०१८ मध्ये बंदी उठवली. आपल्यासाठी यातला कामाचा भाग असा: मुलाला ताप आहे आणि ते असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, फार झोपाळलंय, तर औषधाचा परिणाम असेल म्हणून घरी बसू नका. मेंदूज्वर, डेंग्यू, साखर कमी होणं यांतही मूल असंच वागतं. थेट दवाखाना.

तुमच्या डॉक्टरांबद्दल. “सर्दीच्या गोळीने असं होत नाही” हे त्यांचं म्हणणं बरोबर नाही, पण त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. ते मीही म्हणालो होतो. कॅलेंडर आणि गोळीचं पाकीट घेऊन जा आणि म्हणा, “डॉक्टर, यात माँटेलुकास्ट आहे, त्याच्या माहितीपत्रकात झोपेचा आणि स्वभावाचा त्रास लिहिलेला आहे, तारखा अशा आहेत, तुम्हाला काय वाटतं?” बहुतेक डॉक्टर तारखा बघून विचार करतात. नाही केला तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि हा त्रास कळवा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो, १८०० १८० ३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक, आणि पालक स्वतःही कळवू शकतात. परिणाम औषधामुळेच झाला हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो.

सर्दीचं काय करायचं, तर त्याला माँटेलुकास्टवाचूनही चांगले इलाज आहेत. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्टेरॉइडचा फवारा रोज नेमाने, आणि शिंका फार असतील तेव्हा साधी ॲलर्जीची गोळी. फवाऱ्यातलं स्टेरॉइड रक्तात फार थोडं जातं, त्याला भिऊ नका. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी धरायची, नाहीतर नाकातून रक्त येतं. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल लावू नका, उशीची खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

कायमचं बिघडेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी पाहिलेल्या मुलांत गोळी थांबवल्यावर काहींची झोप चार-पाच दिवसांत जागेवर आली, चिडचिड जायला दोन-तीन आठवडे लागले. थोड्या मुलांत त्रास गोळी बंद केल्यावरही लांबल्याच्या नोंदी आहेत, म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. आज गोळी थांबवलीत तर आजच्या तारखेच्या चौकटीत “गोळी बंद” लिहा. तिथून तीन आठवडे मोजा. तोवर रात्री शांत झाल्या नाहीत, किंवा मरणाचं बोलणं एकदा जरी पुन्हा आलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि ते कॅलेंडरचं पान सोबत न्या. घरातल्या सगळ्यांना आणि शाळेलाही सांगून ठेवा की याला माँटेलुकास्ट चालत नाही. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ते नाव लिहा, आणि मामाच्या गावाला जाताना ती फाइल पिशवीत असू द्या.